रिव्हर्सची तार

पडदा पाच इंची. मोडीत निघालेल्या व्हॉक्सहॉलच्या
डॅशबोर्डवरून उचकटलेला.
रविवारच्या जुन्या बाजारात, चिखलात उभं राहून,
चार पौंडांना घेतला.
गाडी मागं घेताना तेवढा उजळायचा,
एरवी काळा.
मुका तर होताच. मागं कुणी ओरडलं असतं तरी
त्यानं नुसतं दाखवलं असतं.

मिस्टर सायक्स आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात.
चार-चार तास छताकडं बघत.
"वॉर्डातल्या टीव्हीवर सगळे स्वयंपाकच करतात," म्हणाले,
"आणि मला तर मीठही बंद."
म्हणून हा उद्योग.
हडर्सफील्डच्या चढावरच्या या घरात,
ओट्यावरचं पोळपाट बाजूला सारून.

तारा चार. लाल, काळी, पिवळी,
आणि एक बारकी निळी. तिच्यात वीज आली
तरच पडद्याला कळायचं, गिअर रिव्हर्सचा पडलाय.
ती निळी मी लालला बांधून टाकली,
डाग दिला, वर नळी चढवली, लायटरनं आवळली.
आता त्याच्या लेखी गाडी
जन्मभर मागंच चाललीये.

पहिलं चित्र आलं ते आरशातलं.
अक्षरं उलटी, बातम्या देणाऱ्या बाईचा भांग उलटा.
बोर्डाच्या कडेला एक जोड होता, मोहरीएवढा.
ब्लेडनं खरवडला. जग सरळ झालं.
एवढ्यावर भागतं यावर विश्वास बसेना,
म्हणून चहा करून आले आणि परत बघितलं.

आवाजाचं काम खरं किचकट.
बारा व्होल्टांचे पाच केले, नखाएवढ्या अँपला पाजले,
हेडफोनसाठी तापल्या सळईनं भोक पाडलं.
घरभर वास. वरून लेक ओरडली, "आई, काय जाळतेस?"
आणि तेव्हा कुठं आठवलं
की सायक्सना डावा कान नाहीच.

पंधराव्या वर्षापासून मागावर. लोकरीच्या गिरणीत.
आमच्या इचलकरंजीतही माणसं अशीच,
जेवायला बोलावलं तरी भांडल्यासारखी.
माझा मामा ओठ वाचायचा
आणि सोयीचं तेवढंच वाचायचा.

डाव्याचं उजव्यात आणायचं
तर दोन तारा थेट पिळून चालत नाही.
एकमेकींना ओढतात, दोघींचा आवाज पडतो.
प्रत्येकीच्या वाटेत एकेक रेझिस्टर लागतो,
तांदळाच्या दाण्याएवढा.
जरा अडवलं की नांदतात.

गुरुवारी मीच घेऊन गेले. खिडकीकडची खुर्ची.
कार्डात एकच फाइल: गावचा ब्रास बँड, चौऱ्याऐंशी साल,
पहिल्या रांगेत डोरीन, त्यांची बायको, कॉर्नेट.
अशा बँडात कॉर्नेटवाले डावीकडं बसतात
हे मला कुठं ठाऊक.
त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. मुलीनं दिलेल्या हेडफोनवर
नेहमी नुसते ट्रॉम्बोन घुमायचे,
आणि त्यांना वाटायचं,
टेपवरून उतरवताना डोरीन तेवढी पुसली गेली.

सुया टोचलेला हात हलवायचा नसतो.
दुसऱ्या हातानं त्यांनी हेडफोन दाबून धरला,
डोळे मिटले, ओठ थोडे पुढं आले, फुंकल्यासारखे.
मग एकदम मोठ्यानं, चाळीस माग चालू असल्यासारखं,
"चुकली! तिथं चुकली ती!
आयुष्यभर नाही म्हणाली, पण चुकली होती!"
सगळा वॉर्ड वळला. नर्स धावत आली,
मशीनचे आकडे बघून गेली.

मी म्हटलं, आवाज कमी करू का?
त्यांना ऐकू गेलं नसावं.
बोट पडद्याकडं करून म्हणाले,
"जरा मागं घे."

घेतलं.
बॅटरी अजून दोन तास होती.