बरकत अल मौझच्या पुढे गाडी जात नाही

जेवणाच्या टेबलावर ओमान पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर हेरंबचा चष्मा.
मुसंदमवर आमटीचा थेंब पडला,
शाल्मलीने बोटाने पुसला
तर डाग समुद्रात उतरला.

खमीस अल बलुशीची गाडी मिळाली आहे नऊ दिवस.
ईदची सुट्टी, वर दोन रजा पदरच्या.
पांढरी, जुनी, आत दोन पलंग, एक शेगडी
आणि उभं राहण्यापुरतं न्हाणीघर.
"घर आहे घर," खमीस म्हणाला दारावर थाप मारत,
"फक्त वळणावर कपाटं बंद ठेवा."

बावीस वर्षं सोहारमध्ये.
दर सुट्टीला विमान; तिकडे लग्नं, बारशी,
दातांचा डॉक्टर, सातबाऱ्यावरचं नाव.
इथला वसंत म्हणजे एसी बंद ठेवता येतो
ते काही आठवडे.
जूनमध्ये कायमचं परत.

शाल्मलीची यादी वहीत आहे, हिरव्या शाईत:
रास अल जिन्झची कासवं,
वाळूवर उघड्यावर झोपणं,
शाळेतलं कुणीही भेटणार नाही अशी एक जागा.

हेरंबला हवाय पेट्रोल पंप.
दर दीडशे किलोमीटरला एक, जवळ सावली,
सांडपाणी सोडायची सोय.
तो जागा निवडत नाही,
दोन जागांमधलं अंतर निवडतो.
वाळवंट मात्र नको म्हणतो.
"हैमाच्या पुढे सहा वर्षं काढली पोर्टा केबिनमध्ये.
तेही असलंच घर. फक्त चाकं नव्हती."

मला गुलाब.
जबल अखदरचे,
ज्यांच्याबद्दल शम्सा बिंत नासिर सांगायची
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास,
डायलिसिसच्या खिडकीजवळच्या खुर्चीत.
औषधपाण्यासाठी मुलाकडे उतरून आलेली,
डोंगर मात्र खाली ठेवायला तयार नाही.
पहाटे खुडायचे, ऊन चढायच्या आत.
मातीच्या भट्टीवर उकळायचे,
पाण्याला धुराचा वास लागेपर्यंत.
"ये वसंतात. अल अकरमध्ये कुणालाही विचार."
मी सुई लावता लावता म्हणायचे, इन्शाल्ला,
आपण 'बघू' म्हणतो तसं.
मागच्या उन्हाळ्यापासून त्या खुर्चीत
एक ट्रक ड्रायव्हर बसतो. तो बोलत नाही.

खमीसला फोन लावला.
तो हसायलाच लागला. "वर? ही?
बरकत अल मौझला चौकी आहे पोलिसांची.
फोर-बाय-फोर नसेल तर
सलाम करतात, आणि परत फिरवतात."

हेरंबने माझ्या गुलाबांवर रेघ मारली,
पेन्सिलीची, पुसता येईल इतकी हलकी.
मी उठले. घासलेलीच पातेली पुन्हा घासली.

"खालीच राहू की," पाठीमागून आवाज,
"केळीच्या बागा आहेत म्हणे, फलजचं पाणी.
वरून सकाळी कुणी ना कुणी उतरत असेलच."
"आणि पाडवा त्याच दिवशी आलाय," शाल्मली,
"गुढी गाडीला बांधायची?"
"कडुनिंब?"
"आई, इथल्या रस्त्याकडेला दुसरं काय असतं?
शरेश म्हणतात त्याला. तूच सांगितलंस."

रात्री पाणी प्यायला उठले
तर तो नकाशावर वाकलेला, चष्म्याशिवाय.
अंगठ्याने मोजत होता,
हैमाच्या खाली, जिथे काही छापलेलंच नाही.
"किती?"
"सातशे ऐंशी. उगीच."
"काय आहे तिथे?"
"काही नाही. मी लावलेलं एक बाभळीचं झाड होतं,
एसीच्या पाण्यावर वाढलेलं."

वहीत कासवांच्या खाली
मी हिरव्याच शाईत लिहिलं: बाभूळ.
रस्ता उलटा पडतो, डिझेल दुप्पट लागेल,
खमीस पुन्हा हसेल.

मीठ उचललं, चष्मा त्याच्या हातात दिला.
नकाशा काही केल्या
आपल्या जुन्या घड्यांत जाईना.
तसाच ठेवला, उघडा.