शेकडा

शनिवारी दप्तराच्या पुढच्या खणात चिठ्ठी असते.
चार घड्या, एका कोपऱ्याला चिवड्याचं तेल.
मी यार्डातून घरी येतो तेव्हा साडेअकरा होतात.
कृतिका झोपलेली, एक मोजा पायात, एक गादीखाली,
आणि बागूल बाई मला सांगतात
माझ्या मुलीचा आठवडा कसा गेला.

इयत्ता दुसरी, तुकडी ब.
या आठवड्यात आपण शिकलो :
जोडाक्षरं. पट्टी, खड्डा, लठ्ठ, आणि ही चिठ्ठी.
पावलांनी वर्ग मोजला.
बाईंच्या पावलांनी सव्वीस, मुलांच्या एकेचाळीस,
दोन्ही बरोबर.

इथे मी जरा थांबलो.
दोन्ही बरोबर, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

पालकांसाठी :
नखं.
(एवढंच. बाईही दमत असतील.)
डब्यात पुड्यातलं काही नको.
थंडी वाढली आहे, स्वेटरच्या आत नाव शिवा,
कपाटात सात स्वेटर बेवारस पडलेत,
त्यातला एक बहुतेक मागच्या वर्षीचा.
सोमवारी शंभर काड्या. दहा-दहाचे दहा गठ्ठे, रबर लावून.

शंभर, ते तर माझं काम.
संध्याकाळी पेठ रोडला कोथिंबिरीच्या गाड्या लागतात
आणि मी जुड्या मोजतो.
दोन हातांत पाच, फेक. पाच, फेक.
वीस फेका झाल्या की एक आरोळी,
मग आणखी एक फेक, न बोलता.
ती घेणाऱ्याची.
वाटेत एखादी पिचते, एखादी आतून पिवळी निघते.
माझा बापही असंच मोजायचा.
त्याला शंभरच्या पुढे लिहिता येत नव्हतं.

रविवारी बसलो काड्यांना.
खराटा सोडला. उज्ज्वला म्हणाली, नवा होता तो.
कृतिका जीभ बाहेर काढून मोजते,
नऊ झाल्या की एकदा माझ्याकडे बघते
आणि मगच दहावी ठेवते.
रबरं संपली, वेणीची घेतली.
दहा गठ्ठे झाले, वर मी सवयीनं
पाच काड्या ठेवल्या.

सोमवारचं मला मंगळवारी कळलं.
किती आणल्या?
शंभर.
आणि या?
या वरच्या.
मग एकशे पाच झाल्या ना?
नाही बाई, शंभरच. शंभराला वरच्या असतातच.
अख्खा वर्ग हसला म्हणे.
ही रडली नाही, हटलीही नाही.
आईवर गेलीय.

बुधवारी सकाळी मी गेलो शाळेच्या फाटकापर्यंत.
म्हटलं सांगावं, बाई, तिची चूक नाही,
माझ्या हाताची आहे.
आत प्रार्थना चालू होती.
शर्टाला कोथिंबिरीचा वास येत होता, कालचा.
समोर टपरीवर चहा घेतला, परत आलो.

आज पुन्हा शनिवार.
आज घडी एकच. तेल नाही.
या आठवड्यात आपण शिकलो :
दहा दशक म्हणजे शंभर.
शंभर आणि पाच, एकशे पाच.
तसेच बाजारात शंभरावर पाच जुड्या वरून देतात
आणि तरी त्याला शेकडाच म्हणतात.
हे आम्हाला कृतिकाने शिकवले.
पालकांसाठी :
बेवारस स्वेटर आता सहा.
नखं.

दोनदा वाचली. उज्ज्वलाला उठवून
तिसऱ्यांदा वाचून दाखवली.
ती म्हणाली, अक्षर छान आहे बाईंचं, झोपा आता.

रात्री नखं कापू नयेत म्हणतात.
मी नेलकटर शोधला, देवळीत होता, उदबत्त्यांच्या मागे.
मोबाइलचा उजेड उशीला टेकवला.
करंगळीखाली पेन्सिलचं काळं,
अंगठ्यावर कसला तरी डिंक.
झोपेत तिनं मूठ मिटली, मी ती एकेक करून उघडली.

हातांची दहा झाली.
पायांचं चिठ्ठीत काही नव्हतं.
मी मोजा काढला.