पंधरा सेकंद

नवा मॉनिटर सोमवारी आला,
खोक्यावर शमालची पिठासारखी धूळ.
शिनोजने टेप कापली, थर्मोकोल दाराला टेकवलं,
म्हणाला, "केळुसकर साब, सत्ताईस इंच.
अब आँख को आराम."

जुना सतरा इंची होता,
एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट,
पावकीसारखं पाठ.
त्यात हजेरीपटाची अठरा नावं मावायची.
अठरा वाचायची, खाली सरकायचं,
पुन्हा अठरा.
सोहार बंदरामागच्या या यार्डातली
दोनशे चौदा माणसं
महिनाअखेरीला मी अशी बारा खेपांत पगाराला लावायचो.

नव्याने एका दमात शंभर नावं समोर आणली.
वेल्डर, रिगर, फिटर, मेसचे दोन स्वयंपाकी,
सुपातून नाचणी सांडावी तशी.
मॅनेजर मागे येऊन उभे राहिले.
"सगळं दिसतंय ना?"
दिसतंय, म्हटलं.
वाचता येत नाही, हे म्हटलं नाही.

मग सुरू झाली खाली-वर.
तीन हजार आठशे चाळीस. नको.
दोन हजार पाचशे साठ.
पडदा क्षणभर काळा होतो, मग परत येऊन विचारतो,
बदल ठेवायचे?
आणि आकडे उतरत जातात, पंधरा, चौदा, तेरा,
काही बोललो नाही तर तो मुकाट्याने पूर्वीसारखा होतो.
असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.
मी दोन वर्षांच्या करारावर आलो होतो.

सोळाशेला अक्षरं धष्टपुष्ट झाली,
पण कडा फुटलेल्या,
टीपकागदावर शाई उतरते तशा.
शिनोज मान हलवतो.
"साब, हर स्क्रीन का अपना असली नाप होता है.
उससे नीचे खींचोगे तो मोटा दिखेगा, साफ नहीं.
नाप वही रखो, अक्षर बड़ा करो. डेढ़ गुना."

दीडपट करण्याआधी
सहज एकदा उजवीकडे नजर गेली.
तिथे एक रकाना होता,
जुन्या पडद्यावर तो काठाबाहेर राहायचा.
शेवटची रजा.
मीच आखलेला, मीच भरत आलेला,
पण तिकडे सरकलो की नावं डावीकडे बुडायची
आणि इकडे आलो की तारखा.
दोन्ही एका ओळीत
मी कधी पाहिलेच नव्हते.

डोळे बारीक केले, बोट काचेवर ठेवलं,
बोटाचा ठसा उमटला, तो तसाच राहू दिला.
मुनाफ पावसकर, वेल्डर.
नावासमोरून बोट सरळ नेलं
ते पाच वर्षांपूर्वीच्या एका मार्च महिन्यावर थांबलं.
त्याच्या खाली रिकामं,
त्याच्याही खाली.
एके ठिकाणी नुसत्या चौकटीच चौकटी,
रकाना अरुंद, तारीख मावत नाही तेव्हा येतात त्या.
माझी ओळ एकशे एकोणिसावी.
तिथवर गेलो नाही.

दीडपट केलं.
अक्षरं छान आली, धारदार, सुबक.
साठेक नावं,
आणि तो रकाना पुन्हा काठाबाहेर गेला.
शिनोज खूश. "बस्स, यही सही है."
पंधरा, चौदा.
ठेवलं.
तो चहाला गेल्यावर
मी रकान्याला माथ्यापाशी धरलं,
एकतीस रकाने ओलांडत डावीकडे ओढत आणलं
आणि नावाच्या शेजारी सोडलं.

साडेपाचला बाहेर पडलो.
एसीतून बाहेर आलं की इथे ऑगस्टात
चष्म्यावर वाफ धरते,
क्रेन, कंटेनर, बस, सगळं पांढरं.
बसच्या रांगेत कुणीतरी एक पाय ओढत चालत होतं.
चालीवरून ओळखला.
"मुनाफ, गावाला शेवटचा कधी गेलास रे?"
तो वळला असावा.
हातातलं हेल्मेट या हातातून त्या हातात
गेल्याचा आवाज आला.
तो काही बोलेपर्यंत
चष्मा आपोआप स्वच्छ झाला होता.