पेन्सिलीची वेळ

पूलगेटच्या चौकशी खिडकीला काच आहे
आणि काचेला भोक, माझ्या छातीच्या उंचीवर.
विचारणारा वाकतो.
ऐकू यावं म्हणून मीही वाकतो.
अकरा वर्षं गेली अशी, एकमेकांपुढे वाकण्यात.

बस कुणी विचारत नाही खरं तर.
विचारतात, दहाला पोचेन का?
टाके काढायचेत. मुलाखत आहे.
व्याही यायचेत, वाटेत पेढे घेता येतील का?
एक आजोबा म्हणाले, बर्फाच्या कारखान्याला उतरायचंय.
कारखाना केव्हाच विरघळला,
थांब्याला आता कुठल्याशा सोसायटीचं नाव आहे.
म्हटलं, कंडक्टरला बर्फाचा कारखानाच सांगा,
जुना असला तर उतरवेल,
नवा असला तर शेजारच्या बाईंना विचारा.

"थेट आहे का?"
थेट नसते हो. स्वारगेटला बदला.
दिवसातून दोनशे वेळा, स्वारगेटला बदला.
बायको म्हणते, झोपेतसुद्धा बदला, बदला चालू असतं,
खालच्या मजल्यावरच्या पोकळ्यांना वाटतं
ह्यांना कुणावर तरी सूड उगवायचाय.

जानेवारीतली गोष्ट.
शटर अर्धं ओढलेलं, कानटोपी चढवलेली,
तेवढ्यात खुर्शीद तांबोळी, कॅम्पातल्या दवाखान्यात आया,
नाव मला नंतर कळलं,
"येवलेवाडीची शेवटची?"
तक्ता न बघता म्हणालो, दहा चाळीस.
तक्त्यात होतीच. छापील. खाली गोल शिक्का.
स्कूटरला किक मारली आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली.
भोकाशी वाकली नाही, काचेतूनच सरळ बघत राहिली.
मी मनातल्या मनात वरिष्ठांचा फोन नंबर तयार ठेवला,
तक्रार तिकडे करा म्हणायला.
ती म्हणाली,
"ती दहा चाळीसची येत नाही हो.
बाराला पाच कमी होईपर्यंत थांबले.
रिक्षावाला तीनशे म्हणाला.
मग चालतच. लुल्लानगरचा चढ, कौसरबाग, खडीमशीन.
कुत्री होती, पण काही केलं नाही त्यांनी.
तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगायला आले.
पुढच्याला सांगू नका."

आणि गेली. ड्यूटीला उशीर होत होता तिला.

अकरा वर्षांत त्या बाजूनं
मला कुणी माहिती दिली नव्हती.

त्या दिवशी एक पेन्सिल आणली, कोपऱ्यावरच्या दुकानातून.
ड्रायव्हर चहाला आले की विचारायचं, खरी किती वाजता सुटते?
भोइटे हसायचा. "गॅसच्या रांगेवर आहे सगळं."
मग तेही लिहिलं, छापील आकड्याशेजारी, बारीक:
मंगळवारी वीस मिनिटं उशीर, रांग.
शाळा सुटली की कोंढव्यात अडकते.
ही रविवारी नाहीच.

मार्चमध्ये ऑफिसातून एक मुलगा आला, सौमित्र,
आता सगळं मोबाईलवर येणार म्हणाला, बरंच होतं ते.
तक्त्याचा फोटो काढायला लागला आणि थांबला.
"काका, हे पेन्सिलीचं काय आहे?"
म्हटलं, ते खरं आहे.
त्यानं लॅपटॉपमध्ये वर-खाली बघितलं, मनापासून शोधलं बिचाऱ्यानं.
"याला रकाना नाहीये."

खुर्शीदबाई हल्ली सव्वादहाला येतात.
विचारत नाहीत. डबा बाकावर ठेवतात, रस्त्याकडे बघतात.
माझी खिडकी दहाला बंद होते, कागदावर.
मी आतला दिवा ठेवतो चालू,
भोइटेला फोन लावतो, तो उचलत नाही,
म्हणजे गाडी चालवत असेल,
किंवा झोपला असेल.

तक्त्यात दहा चाळीससमोर
अजून तोच छापील आकडा आहे.
शेजारी मी लिहिलंय, खोडून, परत लिहून:
बघून सांगतो.