भरतीची वही

बडोद्याला समुद्र नाही, हे मला नवव्या वर्षी कळलं.
तोवर मी धरून चालले होते की असणारच कुठेतरी,
लहरीपुऱ्याच्या मागे, नाहीतर पाणीगेटच्या बाहेर.
मधोमध मांडवी, पलीकडे सूरसागर.
बंदर नसलेल्या गावाला
एवढी ओली नावं कोण कशाला ठेवील?

वडिलांचे काका, भिकाजी टिपणीस, कोठी कचेरीत कारकून.
संस्थानची बंदरं लांब, तिकडून टपालाने कागद यायचे:
बिलीमोऱ्याला भरती किती वाजता, पाणी किती हात,
गलबतं किती आली, किती गाळात बसली.
काका ते वहीत उतरवायचे, ठसठशीत अक्षरात,
आधी मोडीत. मग हुकूम निघाला, गुजरातीत.
आकडे गुजराती झाले, शेरे मराठीच राहिले,
समासात, पेन्सिलीने:
‘तांडेल खोटं बोलतो.’
‘सतरा दिवस तेच पाणी. हा मनुष्य काठावर जातच नाही.’

एकवीस वर्षं.
समुद्र पाहिलेला नव्हता.

पानाभोवती पाणी फिरवताना मध्येच थांबायचे,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे,
“लागली ओहोटी,” म्हणायचे,
आणि काकू ताक वाढायच्या.

संध्याकाळी मला घेऊन सूरसागरच्या कठड्यावर.
एक आण्याच्या शेंगा, त्याही मोजून.
टरफल पाण्यात टाकायचे
आणि ते कुठे जातं ते बघत बसायचे.
कुठेच जायचं नाही.
समोरच्या देवळातले दिवे पाण्यात लागायचे,
टांगेवाला घोड्याशी मराठीत भांडायचा
आणि गिऱ्हाइकाशी गुजरातीत गोड व्हायचा.
टरफल तिथंच.
“तळं आहे ते,” काका म्हणायचे, जणू माझीच काही चूक झाली होती.

पेन्शनीत निघाले त्या साली एकदा गेले,
आगगाडीनं, डबा घेऊन.
जन्मभर वेळा लिहिलेला माणूस, नेमकी वेळ चुकला.
चिखल होता. चिखलात कलंडलेल्या दोन होड्या, एक बगळा.
काठावर बसून पुऱ्या खाल्ल्या, हात पुसले,
पाणी यायच्या आत परतीची गाडी होती.
काकूंना एवढंच सांगितलं,
“वहीत जास्त पाणी होतं.”

यंदा श्रावणात विश्वामित्री आमच्या सोसायटीत आली.
तीन दिवस वीज नाही. खालच्या मजल्यावरचे आम्ही सगळे
वर हंसाबेनकडे. खिचडी, पत्ते, एकाच फोनमध्ये उरलेली बॅटरी.
गेटपाशी मगर.
वॉचमनच्या रजिस्टरात सही न करता शिरलेली पहिलीच पाहुणी.
मुलं गॅलरीतून तिला नावं सुचवत होती.

पाऊस तर कधीचा थांबला होता.
मग पाणी उतरत का नाही?
हंसाबेनचा भाऊ, सिंचन खात्यातून सुटलेला, फोनवर म्हणाला,
“खाडीत भरती छे, बेन. दरियो पाणी लेतो नथी.”

मी त्याला ते परत म्हणायला लावलं.

दरिया पाणी घेत नाही.
म्हणजे आहे.
म्हणजे काकांच्या घड्याळापलीकडे, टरफलापलीकडे,
आमच्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला
दार लोटून उभा आहे, आणि
ते दार माझ्या जिन्यात उघडतं.

रात्री मेणबत्ती घेऊन उतरले.
सहावी पायरी बुडालेली, सातवी ओली.
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, वेळ घातली:
दहा चाळीस.
पहाटे पाहिलं, पाणी रेघेखाली चार बोटं.
तेही लिहिलं.
पुढे शेरा काय लिहावा, सुचेना.
वरून हंसाबेन विचारत होत्या,
चहात आलं घालू का.