धाकटीचा वाटा

इन्सब्रुकमध्ये आज फ्योन सुटलाय.
डोंगरावरून हा गरम वारा उतरला
की निम्म्या गावाचं डोकं ठणकतं.
गुंडुलाने सकाळची कॉफी घेतलेली नाही.
हात थरथरून चालणार नाही.

भिंगाखाली हासलवांटरबाईंची सात अंडी.
प्रत्येकाच्या कुशीला, कवचाच्या आत,
चिकटून बसलेले दोन इवले ठिपके.
पहिला परवा सुटला,
दुसरा काल, शुक्राणू आत शिरल्यावर.
अहवालात लिहायचं : ध्रुवपिंड.
मनात ती म्हणते, धाकट्या.

वाटणी अशी झाली :
गुणसूत्रं मोजून, निम्मी-निम्मी.
बाकी सगळं,
अन्नाचा साठा, तंतुकणिकांच्या लाखभर चुली,
अख्खं अंड्याकडे.
ठिपक्याच्या हाती नुसता सातबारा,
जमिनीशिवायचा.

गुंडुलाला हा न्याय पाठ आहे.
त्यांच्या खोऱ्यात शेत तुटत नाही.
घर, गोठा, कुरण, अकरा गायी
थोरल्याला.
धाकट्यांनी निघायचं.
आफ्राआत्या निघाली तेव्हा सुटकेसमध्ये
दोन झगे आणि गाय नसलेली एक घंटा.
“तुकडे केले असते
तर कुणाचीच चूल पेटली नसती,”
आत्या सांगायची, न रागावता.
किंवा राग गिळून.

खरंही असेल ते.
गर्भाशयात रुजेपर्यंतचे दिवस
घरच्या शिदोरीवर काढायचे असतात.
चौघींत वाटली
तर चौघीही वाटेत बसतील.

लेसरने कवचाला भोक.
सुई आत.
ठिपका काचेच्या नळीत येतो, जवळजवळ स्वतःहून.
अंड्याला बोट लावायचं नाही, वाचायचं ते यांना :
इथे एकविसावं जास्त निघालं
तर तिथे कमी,
इथे नाही
तर तिथे दुप्पट.
वाचून होईपर्यंत ठिपका उरत नाही.
तसाही तो
दोन-चार दिवसांत विरघळलाच असता
कुणी न विचारता.

मागच्या महिन्यात शेतावरून फोन आला होता,
थोरल्याच्या नातवाचा :
जुन्या गायींची नावं कुणाला माहीत आहेत का?
इथे कुणालाच आठवत नाहीत.
आफ्राच्या पत्रांत होती.
अकराही.

पाचव्या अंड्याचा ठिपका सुईपासून निसटतो.
गुंडुला श्वास धरते,
अंडं जरासं फिरवते,
पुन्हा.