रात्री दोनचं पाणी

अलायच्या बर्फाला ऊन लागतं दुपारी बाराला.
खाली गावात ते पोहोचतं
रात्री दोनला,
करडं, पिठूळ.

मधे मेंढपाळांचे तीन युर्त,
एक पूल, म्हणजे जुन्या ट्रकचा सांगाडा,
आणि एक घळ, जिथे नदी
दगडांखालून जाते,
नुसती ऐकू येते.

आज पाळी बुरुलचाची.
खांद्यावर फावडं, पायांत नवऱ्याचे गमबूट.
पाटाच्या तोंडाशी उकिडवी बसून
ती हात बुडवते:
अजून कालचंच आहे.

मग आवाज जाडावतो.
ती फळी उचलते.

समुद्र? छे.
या नदीला साधं तळंही ठाऊक नाही.
शेवटचा वाफा सेइतकाझीचा, कांद्यांचा.
तिथवर ती कधी येते,
कधी नाही.

सकाळी तो कुणाला विचारत नाही.
वाकून
माती चाचपतो.